कुलपाची तोटी

माझा धंदाच गळती शोधण्याचा आहे. वाळूजच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं मेंटेनन्सला आहे. पाईप गळतो म्हणजे वायसर झिजलाय, आटे गेलेत, नाहीतर कुणीतरी कामचुकारपणा केलाय... चौथं कारण नसतं. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि आम्ही सगळे हसायचो. त्यामुळे आता हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

आमचं घर पडेगावला, दौलताबाद रस्त्यापासून आत तिसऱ्या गल्लीत, शेवटचं. पुढं मोकळं रान. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला अंगणातली तोटी, गच्चीवरच्या टाकीतून लाईन थेट तिथं उतरलेली. तोटीखाली दगडी डोण, जनावरांना पाणी पाजायची. ती आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांचा जन्म गंगापूरकडं मेंढरांमागं गेला. गुडघे गेले तेव्हा मी मेंढरं विकायला लावली आणि त्यांना शहरात आणलं. सामान काय, तर एक घोंगडी, एक पत्र्याची पेटी आणि ही डोण. ती उतरवताना टेम्पोवाला माझ्याकडं बघून हसला होता, ते मला लागलं होतं.

तोटी जुनी, पितळी, सतत गळायची. मी वायसर बदलायला पाना घेऊन गेलो की आबा म्हणायचे, राहू दे, डोणीतच पडतंय, वाया कुठं जातंय. कुत्री प्यायची, चिमण्या प्यायच्या. उन्हाळ्यात रस्त्यानं मेंढरं निघाली की आबा फाटक उघडून त्यांनाही आत घ्यायचे. आमच्या नळाला पाणी कधी, तर आठवड्यातून एकदा, तेही आलं तर! म्हणजे मी टँकरवाल्याच्या पाया पडायचं आणि आबांनी दुनियेच्या मेंढरांना पाणपोई घालायची.

शेवटी एक दिवस वैतागून म्हणालो, "आबा, त्या मेंढरांवर पाणी सोडा आता."

म्हणजे नाद सोडा. कुणालाही कळेल. पण आबांना जरा कमी ऐकू यायचं, आणि त्यांनी जन्मभर पाणी सोडलं ते एकाच अर्थानं, डोणीत. त्यांचा चेहरा एकदम खुलला. मला वाटलं, चला, पटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो तर टाकी खडखडीत. अंगणात पन्नासेक मेंढरं, तोटी पूर्ण उघडी, आणि आबा डोणीशी उभे राहून शीळ घालतायत. जनावर पाणी पिताना घालतात तशी, हळू, एकसुरी. मला बघून म्हणाले, "तूच म्हनला ना पाणी सोडा म्हून. लई तहानेली व्हती रे."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. मेंढरांसोबत आलेल्या परक्या मेंढक्यासमोर बोललो, एवढं सांगतो. सकाळी जुनी तोटी काढली आणि कुलपाची बसवली. तिच्या दांड्याला कडी असते, त्यात छोटं कुलूप. चावी माझ्या खिशात. थेंबभर गळत नव्हती, आणि मला माझ्या कामाचं कौतुक वाटलं.

महिन्याभरानं भर दुपारी कारखान्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. मी पोचेपर्यंत आबा गेले होते, डोणीला टेकून बसल्या बसल्या. त्या दिवशी मेंढरं आली होती म्हणे, सवयीनं. आबांनी फाटक उघडलं, मेंढरं कोरड्या डोणीत तोंडं घालून उभी राहिली. काकू म्हणाल्या, घरातनं बादलीभर आणून द्या की, सूनबाई बाहेर गेलीय, कोण बघतंय? त्यावर आबा म्हणाले, "लेकानं कुलूप लावलंय, म्हंजे नाय म्हनलाय. त्याच्या माघारी कसं देऊ?"

मेंढरं परत गेली तसे ते खाली बसले, ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल.

तेरावा झाला आणि तोटी गळायला लागली. नवी, कुलूप लावलेली. मी वायसर बदलला. मग तोटीच बदलली. मग गच्चीवर टाकीचा वॉल बंद केला. रोज दुपारी डोण काठोकाठ! मला बायकोचा संशय आला. तसं बोलून दाखवलं तर ती रागानं आठ दिवस माहेरी गेली — तरी डोण भरलेली. छावणीतून रफिक मिस्त्रीला आणलं. त्यानं वॉल बघितला, तोटी काढून पाईपच्या तोंडात बोट घातलं, तर आतून सुकं. "लाईन में पानीच नै है भाई," तो म्हणाला, "फिर टपकता कायकू?" मी सांगितलं म्हणून त्यानं तोटीच्या जागी डाट, म्हणजे लोखंडी बूच बसवला, सफेदा लावून, सुतळी गुंडाळून, घट्ट. आणि चहा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी डोणीसमोर खुर्ची मांडून बसलो. बाराच्या उन्हात, माझ्या डोळ्यांदेखत डाटाच्या टोकाला थेंब फुगला आणि खाली पडला. मग दुसरा. शीळ ऐकू आली असं लिहिलं असतं तर गोष्ट रंगली असती... नाही आली. नुसतं टप, टप. खोटं कशाला बोलू, मला घाबरायच्या ऐवजी बरं वाटलं. वाटलं, आबा इथंच आहेत, म्हणजे राग गेलाय. मी रडलो.

तसाच उठलो. भंगारातून जुनी पितळी तोटी शोधली, तिचा तोच झिजलेला वायसर ठेवला, कुलूप नाही, काही नाही. डाट काढून ती बसवली, वॉल उघडला. म्हटलं, गळ आता पाहिजे तेवढी.

त्या दिवसापासून एक थेंब गळलेला नाही.

तोटी सोडली की पाणी येतं, बंद केली की ठणठणीत कोरडी. वायसर काढून बघितला तर हातात त्याचे दोन तुकडे आले. असा वायसर पाणी अडवूच शकत नाही, हे मी नोकरी पणाला लावून सांगेन. तेच दोन तुकडे परत आत घातले. तरी कोरडी. आता डोण मी स्वतः भरतो, फाटक सताड उघडं ठेवतो. रस्त्यानं मेंढरं जातात, फाटकाशी थबकतात आणि पुढं जातात. एकही आत पाय टाकत नाही.

गळत होती तेव्हा कारण सापडलं नाही, आणि आता गळत नाही त्याचंही सापडत नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. पाणी सोडण्याचा दुसरा अर्थ आबांना ठाऊक नाही, असं मी समजत होतो. ठाऊक होता. त्यांनी माझ्यावर पाणी सोडलंय.