नैवेद्यातला मिठाचा मोदक

नोकरीत पाहिलेले खून, दरोडे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही घटना मात्र जशीच्या तशी आठवते, आणि हिच्यात तर साधा गुन्हासुद्धा दाखल झाला नव्हता.

निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. गिरगावातल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. त्या वर्षी अमेरिकेशी आपलं बिनसलं होतं. एरवी गळ्यात गळे घालणारे दोन देश, पण त्यांनी आपल्या मालावर भरमसाट कर लावला आणि त्याचा फटका थेट आमच्या हद्दीत बसला. ऑपेरा हाऊसच्या बाजूला हिऱ्यांची कार्यालयं आहेत. तिकडची गिऱ्हाइकं थांबली आणि इथल्या माणसांना 'सध्या घरी बसा' असे निरोप गेले.

गणपतीच्या तोंडावर चाळीचाळींत बहिष्काराचे फलक लागले. शीतपेयं नकोत, दाढीची पाती नकोत, साबण नको. स्वदेशीचा मी विरोधक नाही. विदेशी कपड्यांच्या होळ्या या भागाने माझ्या आजोबांच्या काळात पाहिल्या आहेत. फक्त बहिष्काराचे संदेश ज्या ॲपवरून फिरत होते ते ॲप कोणत्या देशाचं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर मलाच देशद्रोही ठरवलं असतं.

अशा एका चाळीत एक अमेरिकन सून होती. कोकणातलं घर. नवरा मर्चंट नेव्हीत, सहा-सहा महिने बोटीवर. सासूने तिला हाताशी धरून सगळं शिकवलं होतं, बोलणंसुद्धा. त्यामुळे बाई मराठी बोलायची ती पुस्तकातली नाही, अस्सल मालवणी. गोरी, उंच बाई कोळणीशी 'गे बाय, ह्या काय ताजा नाय' म्हणून हुज्जत घालताना मी स्वतः पाहिली आहे. घरी केक, बिस्किटं करून ती विकायची. आदल्या वर्षी सासू वारली. घरात उरले सासरे आणि ती.

मंडळाच्या गणपतीला पहिल्या दिवशी एकवीस उकडीच्या मोदकांचा नैवेद्य दाखवायचा मान याच घराचा होता. सासू गेल्यावर तो सुनेकडे आला. बहिष्कार सुरू झाला तसं तिचे केक घेणं चाळीने बंद केलं. 'अमेरिकन माणूस फायद्याशिवाय बोट हलवत नाही', 'त्यांच्यात आईबापालाही कोणी विचारत नाही', अशी वाक्यं तिच्या दारासमोर, तिला ऐकू जातील अशी, बोलली जाऊ लागली. सासूच्या आजारपणात तिची उस्तवार हिनेच केली होती आणि ते याच लोकांनी पाहिलं होतं. नैवेद्य तिच्याकडून घ्यायचा की नाही यावरही मंडळात वाद झाला. शेवटी गेलेल्या सासूकडे पाहून घ्यायचा ठरला.

चतुर्थीच्या दुपारी मी बंदोबस्तावर होतो. आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. "साहेब, लवकर या. अमेरिकन बाईने प्रसादात काहीतरी घातलंय. सेक्रेटरीला उलटी झाली. पोरं तिच्या दाराशी जमलीत."

पोचलो तेव्हा गॅलरी माणसांनी भरली होती. दार आतून बंद, त्यावर लाथा बसत होत्या. दारावरचं तोरण कोणीतरी ओढून काढलं होतं, बाहेरची रांगोळी पायांनी पुसली होती. मंडळाचे सेक्रेटरी खुर्चीत घाम पुसत बसले होते. चाळिशीचे गृहस्थ, याच चाळीत वाढलेले. हिऱ्यांच्या कार्यालयात प्रतवारी करायचे. घरी बसवलेल्यांत तेही होते. फलक त्यांनीच लावला होता.

"साहेब, आधी आमचं काम खाल्लं, आता प्रसाद पण सोडत नाहीत," ते म्हणाले. "गुन्हा दाखल करा, नायतर पोरं ऐकायची नाहीत."

जमाव हाताळताना कायदा सांगत बसू नये, माणूस तिथून हलवावा. महिला हवालदारांना आत पाठवून मी सून आणि सासरे दोघांना संरक्षणासाठी ठाण्यात आणलं. जिना उतरताना बाई एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. बायका पदर सावरत आत वळल्या, पुरुष मोबाईलमध्ये पाहू लागले. तेव्हा मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. पोलीस आले की माणसं नजर चुकवतातच.

उष्ट्या मोदकाचा पंचनामा करून तो सील केला. सेक्रेटरींना सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, विषबाधा वगैरे काही नाही, भीतीने उलटी झाली आहे. मोदकाच्या आत खोबरं-गूळ नव्हता. नुसतं मीठ होतं.

बाईंना समोर बसवून मी विचारलं, "मीठ कोणी घातलं?"

"मीच घातलंय," ती म्हणाली. "आये घालायची, म्हणान मी घातलंय."

"कशासाठी?"

"एकवीसातलो एक मिठाचो. ज्येका गावता त्येका वर्षभर नशीब गावता. पण त्येना कोणाक सांगूचा नाय. सांगला तर जाता."

"तो सेक्रेटरींनाच कसा गेला?"

"कोणतो ता माका पण म्हायत नाय. सगळे सारखेच दिसतत."

मी साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला. आमच्याकडे सणाला पुरणपोळी. मोदकाच्या पोटात काय असावं आणि काय नसावं, हे मला काय कळणार? मी सासऱ्यांकडे पाहिलं. म्हातारा माणूस मान खाली घालून बसला होता. "खोटा कशाक बोलू, साहेब? माका म्हायत नाय. रांदपातला बायलमाणसांचा आमी कधी बघूक नाय. आणि ती आता गेली. कोणाक इचारू?"

बाहेर बाकावर सेक्रेटरींचे सोबती कान देऊन होते. "कबूल केलं! बघा, कबूल केलं!" असा गलका झाला.

हेतू, कबुली आणि मुद्देमाल तिन्ही माझ्या हातात आयते आले होते. तिचे केक बंद पाडणाऱ्यावर तिने सूड उगवला, आणि पकडल्यावर मेलेल्या सासूच्या नावावर ढकलून दिलं. एखाद्या तरुण अधिकाऱ्याने तासाभरात धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदवून टाकला असता. दोन नेत्यांचे फोनही आले, तेच सुचवायला. पण बाईंच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज तेव्हा प्रलंबित होता. नावावर असा गुन्हा लागला तर मुदतवाढ मिळणार नाही. नवरा समुद्रात, सासरे एकटे, आणि हिला देश सोडावा लागणार. मी स्टेशन डायरीला नोंद केली, आधी चौकशी करतो म्हणून सांगितलं आणि चाळीत परतलो.

माणसं चारचौघांत एक बोलतात आणि एकेकटी गाठली की दुसरं. म्हणून मी गॅलरीत सभा भरवली नाही. एकाला जिन्याच्या वळणावर गाठलं, दुसऱ्याला पाण्याच्या टाकीपाशी. प्रश्न एकच. मिठाचा मोदक कधी ऐकलाय? उत्तरंही एकच. नाही बुवा, आम्हाला काय माहीत. पण नाही म्हणायच्या आधी प्रत्येक जण थोडा थांबत होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एक कळलंय. ज्याला खरंच माहीत नसतं तो उलट विचारतो, म्हणजे काय? या चाळीत तसं मला कोणीच विचारलं नाही.

चाळीच्या मागे एक जुनी वाडी आहे. तिथे एक कॅथलिक आजी एकट्या राहायच्या. त्यांचं घराणं मुंबईच्या या बेटांवरचं, आम्हा सगळ्यांच्या आधीचं. तरी पोशाख आणि नाव पाहून 'तुम्ही मूळच्या कुठच्या?' असं त्यांना आयुष्यभर विचारलं गेलं. मंडळाचा प्रसाद दरवर्षी त्यांच्या घरी जायचा. मी प्रश्न विचारला तशा त्या हसल्या.

"मिठाचा ना? मला आला होता. माझा मुलगा आजारी होता त्या वर्षी. मी चावला आणि थू करणार, तर हिची सासू समोर उभी. तिने तोंडावर बोट ठेवलं. गप, म्हणाली, कोणाला सांगू नको, पोरगा बरा होईल. झाला बरा. मी आजपर्यंत नाही सांगितलं."

"मग आज कशा सांगताय?"

"अरे, त्या पोरीला तुम्ही पोलीस गाडीतून नेलंत ना? मग लिही तू, मी सही करते. या वयात नशीब जाऊन जाऊन कुठं जाणार?"

त्यांचा जबाब घेऊन मी मंडळाच्या अध्यक्षांच्या खोलीत गेलो आणि शांतपणे वाचून दाखवला. त्या वयस्कर गृहस्थांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "मलाही आला होता, साहेब. मुलीचं लग्न जमलं त्या वर्षी." बांध एकदा फुटल्यावर मागोमाग आणखी जबाब आले. एकीला दिवस राहिले होते. एकाचा मुलगा बारावीला पास झाला होता. पिढी-दीड पिढी त्या सासूने गुपचूप नशीब वाटलं होतं, आणि ज्यांना ते मिळालं त्यांनी इमानाने ते लपवलं होतं. तिच्या स्वतःच्या नवऱ्याला, म्हणजे त्या सासऱ्यांना, तेवढा तो कधी आला नव्हता.

मला राग आला. मी विचारलं, "दुपारी तिच्या दाराला लाथा बसत होत्या तेव्हा का नाही बोललात?"

"सांगितलं तर जातं म्हणतात," अध्यक्ष पुटपुटले. मग स्वतःच म्हणाले, "आणि वातावरण तुम्ही पाहताय ना, साहेब. तिची बाजू कोण घेणार?"

सेक्रेटरींना मी ठाण्यात बोलावलं आणि सगळे जबाब समोर ठेवले. ते वाचत गेले तसा त्यांचा आवेश ओसरत गेला. "आयुष्यभर या चाळीत आहे," ते म्हणाले, "मला एकदाही आला नाही. मला कोणी सांगितलंही नाही." मग म्हणाले, "म्हणजे साहेब, हातातलं काम गेलं त्या वर्षी नशीब माझ्या तोंडात आलं, आणि मी ते थुंकलो?"

मला त्या माणसाची कीव आली. तो मूळचा वाईट नव्हता. कोणातरी परक्या राज्यकर्त्याने त्याची रोजी घेतली होती, आणि त्याच्यापर्यंत याचा हात पोचत नव्हता. हात पोचला तो शेजारच्या खोलीपर्यंत. त्यांनी तक्रार नसल्याचं लिहून दिलं आणि मी चौकशी बंद केली.

बाईंना सांगितलं, सुटलात, अर्जाला काही धोका नाही. वाटलं, खूश होईल. ती नुसती हो म्हणाली. "माझो भाऊ तिथून फोन करता," ती म्हणाली, "तुमचे लोक आमची कामां खातत म्हणता. मी त्येका सांगलंय, तू हय येऊन बघ, माणसां कशी आसत ती. आता काय सांगू?"

मी म्हणालो, "झालं गेलं विसरा. लोकांनी शेवटी खरं सांगितलं ना?"

"साहेब, त्येंका आधीपासून म्हायत होता," ती म्हणाली. "मी जिन्यावरसून उतरत होतंय ना, तेव्हा पण म्हायत होता."

मी जबाबांचे कागद गोळा करून फाइलमध्ये लावले.

मुदतवाढ मिळाली, पण तिने ती वापरली नाही. नवरा बोटीवरून आला आणि दोघं अमेरिकेला निघून गेली. सासऱ्यांना ती 'चला' म्हणत होती. ते गेले नाहीत. गणपतीत घर बंद ठेवायचं नसतं, म्हणाले.

खोटं बोलणाऱ्यांशी माझी उभी नोकरी गेली, त्यांचं मला फारसं काही वाटत नाही. खोटं पकडता येतं. या प्रकरणात मात्र कोणी मोठं खोटं बोललंच नव्हतं. चांगली, देवभोळी, सुखदुःखाला धावून जाणारी माणसं फक्त गप्प बसली होती, आणि तेवढ्याने एक घर मोडलं. त्याला कोणतं कलम लावायचं ते मला कोणी शिकवलं नाही. दोन्ही देशांचं पुढे जुळलं, पुढाऱ्यांनी हसत हातात हात घेतले. चाळीतला फलक कधी उतरला ते कोणाच्या लक्षातही नाही.

निवृत्तीनंतरच्या गणपतीत मंडळाने मला आरतीला बोलावलं. नैवेद्याचे मोदक मिठाईच्या दुकानातून आणले होते, एका साच्यातले. प्रसाद सेक्रेटरीच वाटत होते. काम त्यांना परत मिळालं होतं, पण चेहऱ्यावर तजेला नव्हता. समोर सासरे खुर्चीत बसले होते. सेक्रेटरींनी वाकून त्यांच्या हातावर मोदक ठेवला. मग ताटातला स्वतःसाठी एक उचलला, आणि मी पाहिलं, तो त्यांनी तोंडात टाकला नाही. आधी फोडून आत बघितलं, जिभेला लावलं. मी पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"सगळे गोडच आहेत, साहेब," ते म्हणाले.