बदली खेळाडूचा बाप

उमरग्यात फुटबॉलची मॅच नेमाने बघणारा मी एकटाच माणूस असेन, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना ती फुशारकी वाटते. खरं तर ती तक्रार आहे. मॅचमध्ये काही घडलं तर ते सांगायला शेजारी कुणी लागतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा पार समुद्राकाठच्या एका शहरात, आणि मी हायवेपासून दोन गल्ल्या आत, दोन खोल्यांच्या घरात टीव्हीपुढे.

मुलगा देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या एका संघात होता. हे वाक्य मी फार वेळा उच्चारलंय आणि दर वेळी पुढचा प्रश्न मला पाठ असायचा.

"मग टीव्हीवर दिसतंय का पोरगं?"

"दिसतंय की."

"काय करतंय?"

"बसतंय."

विचारणारा हसायचा आणि मीही हसायचो. पण घरी जाताना त्या माणसाचा राग यायचा आणि त्याहून जास्त माझा.

तो बदली खेळाडू होता. जागा लेफ्ट बॅकची, म्हणजे डाव्या बाजूने येणाऱ्याला अडवायचं. त्या जागेवर संघात दुसरा एक पक्का खेळाडू होता, त्यामुळे आमचा बाकावर. करार एका सीझनचा. मैदानात उतरलाच नाही तर पुढच्या वर्षी त्याला कोण विचारणार? हे तो कधी बोलला नाही आणि मीही काढलं नाही, पण दोघांनाही ठाऊक होतं. बाराव्या वर्षी तो सरकारी क्रीडा वसतिगृहात गेला तो गेलाच. फुटबॉल सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं.

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवरच्या खिडकीत बसायचं, माईकवरून गाड्या पुकारायच्या आणि गाडी लेट झाली की जणू ती मीच वाटेत अडवून ठेवली असं लोकांचं बोलणं ऐकायचं. सगळा जन्म वेळापत्रकात गेला. सीझनच्या तारखा आल्या तसं मी त्या मोठ्या अक्षरांत उतरवून कपाटाच्या दारावर चिकटवल्या. मॅच असली की स्वयंपाक आधीच उरकायचा. दोन भाकरी, एक भाजी, ताटावर ताट पालथं घालून ठेवायचं. दारावर कुणी आलं तर मी उठत नसे. कुणी येतही नसे म्हणा.

कॅमेरा बाकावरून फिरायचा तो एकदा, फार तर दोनदा. दोन सेकंद. तेवढ्यात मी त्याला टिपायचो. केस कापलेत, खोकतोय, बुटाची नाडी सोडून परत बांधतोय. कधीकधी राखीव खेळाडू मैदानाच्या कडेने पळायला उठायचे, तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. डावीकडचा तो पक्का खेळाडू कुणाशी धडकून आडवा झाला की मी खुर्चीतून पुढे सरकायचो. त्याला लागावं असं मी देवाकडे कधी मागितलं नाही, पण न मागता वाट मात्र बघितली. तोही कुणाचा तरी मुलगाच. स्ट्रेचर न मागवता तो उठून पळायला लागला की मी वाईट वाटून घ्यायचो, आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा स्वतःवरच चिडायचो.

मॅच संपली की तासाभरात त्याचा फोन यायचा, संघाच्या बसमधून.

"जेवलाव का अण्णा?"

"जेवलो. तू?"

"पाकीट देत्यात बसमधी."

"दिसला हुतास. दुसऱ्या हाफात, पानी पिताना."

"काय तुमी पन." तो हसायचा. एवढंच बोलणं. त्या एवढ्या बोलण्यासाठी मी दोन-दोन तास बसायचो, खेळ निम्मा कळो न कळो. पहिल्या मॅचपासून एकही चुकवली नव्हती. त्याला ते माहीत होतं आणि तो इतर कुणाला तरी सांगत असावा, कारण एकदा मागून कुणीतरी हिंदीत ओरडलेलं ऐकू आलं, अंकलजी ने आज क्या देखा.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. दुकानं बंद, स्टँडवर कुत्री. ज्याला रान, म्हणजे शेत, आहे तो रानात आणि ज्याला नाही त्याला दुसरा कुणी ओढून नेतो. नेमकी त्याच दिवशी पाचची मॅच. थोरला भाऊ गावाकडे रान करतो, त्याला मी आठ दिवस आधी सांगून टाकलं की यंदा मला जमणार नाही.

"येळवशीला घरी बसतंय का कोन?" तो म्हणाला. "आन् माझं गुडघं असं. पिकाभवती आंबिल शिंपडत कोन फिरायचं? तुझी वैनी?"

दादापुढे मला अजून बोलता येत नाही, साठी उलटली तरी.

आदल्या दिवशी मुलालाच फोन केला. तो म्हणाला, "जावा की तुमी. उद्या माझं काईच न्हाय. कोच बोललाय तसं. भज्जी खावा माझ्या वाटणीची."

म्हणून गेलो. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगड मांडले, त्यांची पूजा झाली. हातात आंबिलीचं, ताकात कालवलेल्या ज्वारीच्या पिठाचं, मडकं घेऊन ज्वारीच्या कडेने फेरा मारला. वहिनीने बाजरीचे वाफवलेले उंडे आणि पालेभाज्या-ओल्या दाण्यांची घट्ट भज्जी वाढली, नको म्हटलं तरी वाढली. वाटेने जाणाऱ्या दोघा अनोळखी माणसांना दादाने हाका मारून पंगतीला बसवलं. बरं वाटलं. फार दिवसांनी मी माणसांत बसून जेवत होतो आणि पाच वाजले तेव्हा, खरं सांगतो, माझ्या लक्षातही आलं नाही. आमच्या रानात मोबाईलला रेंज नाही. सांज होत आली तसं नव्या मडक्यात दूध उतू घातलं, कुठल्या बाजूने उतू गेलं त्यावरून पुढच्या सालाचा अंदाज बांधून झाला, आणि मग मी स्कूटर काढली.

हायवे लागल्यावर खिशात फोन थरथरायला लागला. बाजूला थांबून बघितलं. डेपोतल्या जुन्या कंडक्टरचा मेसेज होता: पोरगं उतरलं की आज मैदानात. त्याने पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी तिथेच उभा राहिलो. आनंद झाला होता आणि त्या आनंदाला काही अर्थ नव्हता, कारण मी त्याला खेळताना बघितलं नव्हतं. सबंध सीझन दाराला कडी लावून बसलो आणि ज्या एका दिवशी बघायचं होतं त्या दिवशी उंडे खात होतो. घरी आलो, पायात चपला तशाच, टीव्ही लावला. मॅच संपून जाहिराती चालू होत्या. कुठे शोधावं कळेना, आणि तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"अण्णा. रानात गेलता का?"

हो म्हणायला काय जात होतं? त्यानेच तर जा म्हटलं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाय गेलो. घरीच हुतो. बघितलं की तुला."

तेवढ्यावर थांबलो नाही.

"लई बेस खेळलास," मी म्हणालो.

"सगळं बघितलं?"

"पयल्यापासनं."

बसच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती, ती मला चांगली ओळखू येते. मग तो म्हणाला.

"बसमधी बसल्यापासनं मी मनाला एकच सांगायलो हुतो. अण्णा रानात हायत, तिथं रेंज न्हाय. एका मानसानं तरी ते बघितलं न्हाय."

"असं काय झालंय एवढं?" मी विचारलं. मला खरोखर माहीत नव्हतं. पण त्याला वाटलं, मी त्याची समजूत घालतोय.

"ठेवतो अण्णा. जेवा तुमी."

नंतर मला ती क्लिप सापडली. शेवटची दहा-अकरा मिनिटं राहिलेली, बरोबरी. त्या पक्क्या खेळाडूची पोटरी धरली, चौथ्या पंचाने बदलीचा बोर्ड वर केला आणि माझा मुलगा धावत आत गेला. पहिला चेंडू त्याने नीट काढला. दुसरा समोरच्याच्या पायात होता. आमच्याच गोलासमोर त्याने पाय घातला तो जरासा उशिरा. समोरचा पडला, पंचाची शिट्टी, पेनल्टी, गोल. त्या एका गोलाने संघ हरला. एरवी दोन सेकंदांत सरकणारा कॅमेरा त्यानंतर कितीतरी वेळ त्याच्या तोंडावर थांबून राहिला.

पुढे तो बाकावरही दिसला नाही. मी मॅच लावायचो, संघाच्या यादीत त्याचं नाव नसायचं, तरी शेवटपर्यंत बघायचो. फोन दुसऱ्या दिवशी यायला लागला, मग आठवड्याने. मार्चमध्ये सीझन संपला आणि करार पुढे वाढला नाही.

मे महिन्यात तो पंधरा दिवस घरी राहिला. खालच्या डिव्हिजनच्या एका संघाने चाचणीला बोलावलं होतं. घरातली ती चाहूल मला आवडली, कुणीतरी आंघोळ करतंय, कुणीतरी भांडं पाडतंय. तो परत जाऊ नये असंही एकदा वाटून गेलं. आणि रोज वाटायचं, खरं सांगून टाकावं. एका माणसाने तरी ते बघितलं नाही, एवढंच तर त्याला हवं होतं.

एका दुपारी दोघं जेवायला बसलो. मी म्हणालो, "येळवशीची ती मॅच. मी बघितली न्हाय. रानातच हुतो. फोनवर तुला खोटं बोललो."

त्याने मान वर केली. मग त्याचा चेहरा मवाळ झाला.

"असू द्या अण्णा. माझ्यासाठी कशाला खोटं बोलायलाव?"

"खोटं न्हाय बाबा. काकाला इचार."

"काका काय, तुमी सांगताल तेच सांगत्याल." तो म्हणाला, आणि दुखणाईताला वाढावी तशी अर्धी भाकरी मोडून त्याने माझ्या ताटात ठेवली.