पायरीवरची मोजणी

आमच्या गावची माणसं ऊस तोडायला निघतात, तेव्हा ट्रॅक्टर आधी महादेवाच्या डोंगराच्या पायथ्याशी थांबतो. कोयते, भांडी, शेळ्या सगळं ट्रॉलीत ठेवून माणसं पायऱ्या चढतात. आणि एकदा पायरीवर पाय ठेवला की कोयत्याचं नाव घ्यायचं नाही. कुणी विचारलंच तर ‘देवाला आलोय’ एवढंच म्हणायचं. देवाला आलेल्या माणसाला सुखरूप घरी पोचवणं देवाला भागच आहे, असं आमच्याकडं धरून चालतात. मी पायथ्याशी नारळ विकते. लहानपणापासून हेच ऐकत आले.

त्या वर्षी दिवाळी उलटली आणि नेमका त्याच दिवसांत एक साहेब पायऱ्यांपाशी टेबल टाकून बसला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. म्हणाला, शाश्वत पर्यटनाची मोजणी आहे. पाहुणा घराबाहेर किती रात्री राहतो, पाणी किती वापरतो, कचरा किती करतो, याचं सगळ्या देशांनी मिळून एकच माप ठरवलंय म्हणे. आमच्या डोंगरातल्या देवळाचा आकडाही त्यात जाणार होता. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? रस्ता होईल, चार नारळ जास्त खपतील, असं वाटलं.

रांगेत माझी वहिनी होती. ती दर वर्षी दादाबरोबर तोडीला जाते. तिची गर्भाची पिशवी काढलेली आहे. फडात बाई महिन्याचे चार दिवस बसली तर मुकादमाला चालत नाही, म्हणून आमच्याकडं कितीतरी जणींनी ती काढून टाकली. तेव्हापासून वहिनीची कंबर कामातून गेली. डॉक्टरनं ओझं उचलू नको म्हणून सांगितलंय आणि ती डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रकवर चढते. घरी असली की तिला एवढंच एक सुख, घरामागची बारव. जुनी दगडी विहीर, भर उन्हाळ्यातही पाणी असतं. हंडा भरला की दोन पावलांवर दार.

साहेबानं विचारलं, “कशासाठी आलात?”

“देवाला आलोय सायब.”

“घराबाहेर किती दिवस?”

“गुढीपाडव्यापस्तोर.”

“रोज पाणी किती लागतं?”

वहिनी हसली. “हंडाभर भेटलं तर लई झालं.”

“कचरा?”

“आमच्याकडं कचऱ्याला उरतंय काय?”

साहेबानं टॅबवर बोटं मारली आणि पुढच्या बाईला बोलावलं. समोर कोयत्यांनी भरलेला ट्रॅक्टर उभा होता. मान वर केली असती तर दिसला असता. पण मान वर कोण करतो!

पुढं देवळाच्या मंडपात बैठक झाली. पडद्यावर आकड्यांचे रंगीबेरंगी खांब. आमच्या देवळाला येणारा पर्यटक म्हणे सगळ्यांत लांब मुक्काम करतो आणि सगळ्यांत कमी पाणी वापरतो. कचरा तर जवळजवळ नाहीच. असं शाश्वत ठिकाण शोधून सापडायचं नाही म्हणे. पाण्यावर ताण नाही, म्हणून इथं पर्यटक निवास होणार आणि त्याला बारवेचं पाणी जाणार. टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उठले. म्हणाले, “सायब, हे पर्यटक न्हाईत. उसाच्या फडात पाचटाची कोपी घालून राहत्यात ही माणसं. पाणी कमी वापरत्यात ते कावून? भेटत न्हाई म्हणून.”

साहेब शांतपणे म्हणाला, “ताई, त्यांनी स्वतःच सांगितलंय, देवदर्शनाला आलोय म्हणून.”

सरपंचानं मला खाली बसायची खूण केली. मी बसले नाही, तरी फरक काय पडणार? ज्यांच्या दारची बारव, ते सगळे तेव्हा फडात होते. माणसाच्या तहानेला काटकसर समजून आकडा लावायचा आणि वर त्याचंच पाणी काढून घ्यायचं! अजून आठवलं की डोकं फिरतं.

पाडव्याला वहिनी परत आली तर बारवेवर जाळी, जाळीला कुलूप. शेजारी पाटी, ‘फक्त पर्यटकांसाठी’. हंडा घेऊन ती जाळीशी उभी राहिली. मी राखणदारावर ओरडले, “अरे, तुमच्या सायबाच्या आकड्यात सगळ्यांत लांब मुक्काम हिचाच हाय. काढ कुलूप.”

तो म्हणाला, “मी पगारी माणूस हाय बाई. माझ्यावर कावून वरडता?”

त्याचंही खरंच होतं. वहिनी रिकामा हंडा घेऊन परत फिरली. तो सगळा उन्हाळा तिनं मोठ्या रस्त्यावरच्या टँकरवरून पाणी आणलं. वाटेत हंडा खाली ठेवायची, कंबरेला हात लावून उभी राहायची, परत उचलायची. मी जमेल तेव्हा हंडा घ्यायचे, पण दुकान सोडून रोज कुठलं जमतंय.

दिवाळी झाली, ट्रॅक्टर पायथ्याशी लागला. साहेब पुन्हा टेबल टाकून बसलेला. वहिनीची पाळी आली.

“कशासाठी आलात?”

ती पायरीवरच थांबली. वर देवळाकडं बघितलं, पदर सारखा केला. मग म्हणाली, “कोयता घेऊन ऊस तोडाया निघालेय. माझ्या बारवेचं कुलूप काढा.”

माझ्या हातातला नारळ हातातच राहिला.

साहेब म्हणाला, “मग तुम्ही यात बसत नाही. कामासाठी जाणारे पर्यटकांत धरत नाहीत. आणि कुलपाचं काम माझ्याकडे नसतं. पुढचे या.”

वहिनी वर गेलीच नाही. पायऱ्या उतरून माझ्याकडं आली.

“ताई, पायरीवर कोयत्याचं नाव घेतलं मी,” ती म्हणाली. “आता देव मला घरी आणंल का?”

दादा ट्रॉलीतून हाका मारत होता. मी तिच्या ओटीत नारळ टाकला आणि तिला ट्रॅक्टरपर्यंत सोडायला गेले.