निर्गुंडीचं तेल

देवनहळ्ळीजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात मी आयुर्वेदाची डॉक्टर. एक बाई दर सोमवारी सुजेवरचं निर्गुंडीचं तेल न्यायला यायची. कधी गाल काळानिळा, कधी दंडावर वळ. विचारलं की म्हणायची, न्हाणीत पाय घसरला. नवरा बाहेर बाईकवर बसून हॉर्न वाजवत राहायचा. माझं डोकं सणकायचं, पण पोलिसांचं नाव काढलं की ती माझे पाय धरायची.

एका सोमवारी तो एकटाच आत आला. उजव्या हाताची बोटं सुजून टम्म झाली होती.

"मॅडम, स्वल्प तेल द्या," तो हसत म्हणाला. "बायकोचं डोकं फारच टणक आहे."

दाखवायला त्याने हात टेबलावर ठेवला. मी खलातला बत्ता उचलला आणि त्याच बोटांवर हाणला.

मग तेल दिलं.