हात खाली ठेवणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई परबांना मी प्रथम पाहिले ते भांडुपच्या आमच्या चाळीत, नळाच्या रांगेत. नगरसेविका असूनही त्या कळशी घेऊन उभ्या होत्या. "ताई, तुम्ही पुढे व्हा ना," मी म्हटले. "का गं? मी काय आभाळातून पडले?" त्यांनी मलाच झापले. त्या दिवसापासून मी त्यांची कार्यकर्ती झाले.

आज त्यांच्या पंचाहत्तरीचा ग्रंथ निघतो आहे आणि मी लिहायला बसते नि उठते, बसते नि उठते. चित्त म्हणून थाऱ्यावर नाही.

माझी लेक पालिकेच्या प्रसूतिगृहात जन्मली, तेव्हा ताई अळिवाचे लाडू घेऊन आल्या होत्या. पुढे तेच प्रसूतिगृह पाडून जागा बिल्डरला देण्याचा प्रस्ताव सभागृहात आला. पक्षाचा आदेश होता, हात वर करा. ताईंनी केला नाही. साऱ्या पक्षाचे हात वर आणि यांचे दोन्ही मांडीवर! वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, प्रस्ताव बारगळला. ताईंचे तिकीट मात्र कापले गेले.

आमच्याकडे कोण कोणावर रुसले ते हळदीकुंकवाला कळते. त्या संक्रांतीला पक्षातली एकही बाई ताईंकडे फिरकली नाही. माझा नुसता जळफळाट झाला. ताईंनी वाणाच्या वाट्या पिशवीत भरल्या. "त्या येत नाहीत ना? मग आपण जाऊ." घरोघर जाऊन त्यांनी प्रत्येकीला कुंकू लावले. एकीने विचारलेच, "पण ताई, मिळालं काय हो तुम्हाला?" ताई हसून मालवणीत म्हणाल्या, "माका झोप लागता गो बाय."

आता तोच प्रस्ताव पुन्हा आला आहे आणि ताईंच्या वॉर्डातून या वेळी मी निवडून आले आहे. पक्षाचा आदेश काल मिळाला. नवरा म्हणतो, "जास्त शहाणपणा करू नकोस, वाट लागेल." मी ताईंकडे धावले. त्यांनी चहा दिला, लेकीची चौकशी केली. "ताई, मी काय करू?"

"मी सांगितलं तर तो माझा हात झाला गं. तुझा कुठे?"

राग आला मला, खरंच सांगते. 'ताईंच्या पावलावर पाऊल' वगैरे लिहिणे सोपे आहे, पण आज ते माझ्याने लिहवत नाही.

ताई, आपण शंभरी पार करावी, गुडघे-डोळे धडधाकट राहावेत, हीच मनापासून इच्छा. हा ग्रंथ आपल्या हाती येईल तेव्हा मतदान होऊन गेलेले असेल. माझा लेख वाचायचा की पान उलटायचे, ते तेव्हा आपणच ठरवा.