वालाची सालं

मंडळी, आज दुपारपासून माझी कॉलर ताठ आहे.

माझी आई रोह्याजवळच्या कॅथलिक सेमिनरीत बारा वर्षं स्वयंपाक करते. फादर व्हायला शिकणाऱ्या तिथल्या मुलांना ब्रदर म्हणतात. वर्षातून एकदा हे ब्रदर स्वतः रांधतात आणि आभार म्हणून स्वयंपाकघरातल्या बायकांना पंगतीत बसवून वाढतात. आज तो दिवस होता. आईने मलाही नेलं.

तिच्या आवडीचं म्हणून त्यांनी वालाचं बिरडं केलं होतं. आईने पहिला घास घेतला आणि नुसती चावतच राहिली.

"पोरांनो, वाल सोलले नाय व्हय?"

वाढणारा ब्रदर झारखंडचा. तो गोंधळून म्हणाला, "मावशी, वालाला साल असते? तीन वर्षं खातोय, कधी दिसलीच नाही."

सगळी पंगत हसली. आई तेवढी हसली नाही. चाळीस जणांचे वाल एकेक करून सोलणारी तिची नखं मी पाहिली आहेत. जरा वेळाने तिने ताट पुढे केलं.

"वाढ रे अजून."

आणि सालांसकट सगळं संपवलं.

तुमच्या घरी वाल कोण सोलतं हो? त्यांचं नाव खाली लिहा. पहिलं मी लिहिते. सुलोचना, माझी आई.