एकशे तेराचा दगड

तो दगड अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. डोक्याला पिवळा रंग, खाली पांढरा, आणि त्यावर काळ्या अक्षरांत ‘सातारा ११३’. त्या दगडापायी आमच्या गावातली एक निरपराध बाई तुरुंगात जाता जाता राहिली, आणि ती तिथवर पोचली त्यात माझा हात होता. यात कुणाचं नाव लिहीत नाही. माणसं हयात आहेत आणि गाव लहान आहे.

मी मुळशी तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील होते. पोलीस पाटील म्हणजे गावातला पोलिसांचा माणूस. भांडण, अपघात, बेवारस प्रेत, नवखा भाडेकरू, काहीही असलं की ठाण्यात खबर द्यायची आणि आपल्या वहीत नोंद करायची. पद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा गावात लिहिता-वाचता येणारी मोठ्या वयाची बाई मी एकटीच. शिक्षण चौथीपर्यंतच होतं, पण प्रांतसाहेबांनी चालवून घेतलं. दर महिन्याला ठाण्यात बैठक व्हायची. बाकीचे पाटील पुढच्या खुर्च्यांवर बसत, मी दाराजवळ. ठाण्याच्या साहेबांनी विचारलं तर मान हलवायची, नाहीतर वही पुढं करायची. माझं तोंड तिथं कधी उघडलंच नाही.

आता रस्त्याबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. पूर्वी मुंबईहून बंगळूरला जाणारा रस्ता खंडाळ्याचा घाट चढून देहूरोडवरून थेट पुणे शहरात शिरायचा आणि शहर ओलांडून कात्रजच्या घाटाला लागायचा. पुढं सातारा, कोल्हापूर, बेळगाव. आमच्या बाजूला बैलगाडीची वाट होती. सासरे सांगायचे, बंगळूर कुठं आहे हे गावात फक्त पलटणीतून परतलेल्या एका म्हाताऱ्याला ठाऊक होतं. मग शहरात ट्रक मावेनात म्हणून रस्ता शहराच्या पश्चिमेनं वळवायचं ठरलं. वाकड, सूस, बावधन, वारजे असा तो आमच्या उशाला आला. आधी तांबड्या-पांढऱ्या काठ्या घेऊन मोजणीवाले आले, भातखाचरांतून फक्कीच्या रेघा पडल्या. पहिल्यांदा दोन पदरी रस्ता झाला, काही वर्षांनी चौपदरी, मध्ये दुभाजक. कर्नाटक, तमिळनाडू, गुजरातचे ट्रक दारावरून जाऊ लागले. बायकांना पलीकडच्या वावरात जायचं तर पदर खोचून पळावं लागायचं.

अपघात वाढले. बैठकीत साहेबांनी सगळ्या पाटलांना बजावलं, खबर देताना आधी किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगा. नुसतं फाट्यावर म्हणालात तर आम्ही कुठल्या फाट्यावर धावायचं? ठाण्यात रस्तेवाल्यांनी दिलेली यादी भिंतीला लावली होती. कुठला दगड कुठं, ते त्यात होतं. मी गावात येऊन हे सगळ्यांना सांगितलं. त्याच सुमाराला मी बायकांचा संध्याकाळचा साक्षरता वर्ग घेत होते. आठ-दहा जणी यायच्या. फळा नव्हता. वाचायला लावायला गावात अक्षरं तरी किती होती?

म्हणून तो दगड. बाजूचा सेवा रस्ता खणताना यंत्रानं तो उखडून टाकला होता आणि महिनाभर गटारात आडवा पडला होता. वाया चाललेला दगड म्हणून मी दोन माणसांना सांगून तो ट्रॉलीत घालून आणवला आणि आमच्या फाट्यावर वडाखाली रोवून घेतला. गाडीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यांना टेकायला झाला. आमच्या वर्गाचा तो फळा झाला. बोट फिरवून बायका वाचायच्या: सातारा, एक, एक, तीन. तो जागेवरून दोन किलोमीटर सरकला आहे, हे माझ्या मनातही आलं नाही. रस्तेवाल्यांनी मूळ जागी दुसरा बसवला, तेही मला कळलं नाही.

दिवाळीच्या आधी भाताच्या कापणीचे दिवस. दुपारी एकच्या सुमाराला कर्नाटकातून आलेला एक ट्रक आमच्या फाट्याजवळ पलटी झाला. गोडेतेलाचे डबे होते. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकला, पाय चेपलेला. त्या वेळी रस्त्याकडेच्या वावरात वाडीवरची एक सून भात कापत होती. माझ्या वर्गातली. तिनं त्याला पाणी पाजलं आणि फाट्यावरच्या टपरीतल्या रुपयाच्या फोनकडं धावली. ठाणे अंमलदारानं फोन उचलला. तिनं मी शिकवलं होतं तसंच केलं. आधी आकडा सांगितला. एकशे तेराच्या दगडाजवळ ट्रक पडलाय, माणूस अडकलाय, लवकर या. तेवढ्यात फोन कट झाला. दुसरं नाणं जवळ नव्हतं.

पोलिसांची गाडी यादीप्रमाणे टेकाडापलीकडच्या एकशे तेराला गेली. तिथून आमचा फाटा दिसत नाही. ट्रक नाही, माणूस नाही. खोटी खबर म्हणून स्टेशन डायरीला नोंद करून गाडी परत गेली. तोवर इकडे लोक जमले. आमच्या गावचे होते, शेजारच्या गावांचे होते, जाणारे-येणारे मोटारसायकलवालेही होते. ड्रायव्हर पाणी पाणी करत होता आणि त्याच्या डोक्यावरून डबे चालले होते. ती बाई परत येऊन त्याच्याजवळ बसून राहिली. अडीच तासांनी एका एसटी ड्रायव्हरनं नाक्यावर सांगितलं तेव्हा पोलीस पोचले. ड्रायव्हर वाचला, पण शुद्धीवर नव्हता. डॉक्टर खात्री देत नव्हते.

मी त्या दिवशी माहेरी होते. संध्याकाळी परतले तर गावात घराघरांतून तळणीचा वास आणि माणसं दारं लावून बसलेली.

साहेबांचा संशय सरळ होता. कुणीतरी पोलिसांना मुद्दाम चुकीच्या दगडावर पाठवलं आणि मधल्या वेळात माल पळवला. आवाज बाईचा होता. तिला फोन करताना टपरीवाल्यानं पाहिलं होतं. त्यात झडतीत तिच्या घरी एक डबा सापडला. ती ड्रायव्हरपाशी बसली असताना तिच्या सासऱ्यानं तो आणला होता. म्हातारा म्हणाला, सुनेनं आणला.

ठाण्यात महिला शिपाई नव्हती. बाईचा जबाब घेताना बाई हवी म्हणून दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. मी भिंतीजवळच्या बाकावर बसले. साहेब ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला.

“एकशे तेरा सांगायला तुला कुणी लावलं?”

“कुनी न्हाई साहेब. दगडावर व्हतं.”

“त्या दगडाजवळ आमची गाडी उभी होती.”

“मंग मी कुटं हुती?”

हवालदार हसला. साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. “तुमच्या फाट्यावर एकशे अकरा आहे. इथं लिहिलंय. वाचता येतं ना?”

“येतं की. बाईंनी शिकिवलंय.” ती माझ्याकडं वळली. “बाई, तुमीच सांगा. तुमीच वाचाय लावलाता न्हवं? येक, येक, तीन.”

त्या क्षणाला मला सगळं कळलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. शिकवलं खरं, एवढंच हळू म्हणाले. दगडाचं बोलले नाही.

ती किती तरी वेळ माझ्याकडं बघत होती.

संध्याकाळी तिला माझ्या हमीवर सोडलं. उद्या अकराला परत हजर करायचं, मग अटक दाखवून कोर्टात. ड्रायव्हर दगावला तर कलमं वाढतील, असं हवालदारानं जाता जाता सांगितलं. जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. वाडीच्या वाटेवर एकानं, ज्याच्या माळ्यावर चार डबे असणार, तिला हाक मारली, “काय तेलवाले, आली का सुटून?” बाकीचे हसले. ती उतरून चालू लागली.

घरी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “आई, तू गप ऱ्हा. सरकारी दगड हालवलास म्हनून तुझ्यावरच केस व्हईल. पद जाईल, गाव आपल्यावर उलटंल. दगड काय बोलाय येतोय व्हय?” त्याचं खोटं नव्हतं. मला पदाची भीती होती, पण त्याहून जास्त भीती त्या खोलीत उभं राहून बोलायची होती. लहानपणी शाळेत कविता म्हणायला उभी केली की मी रडायचे. पन्नाशीतही तेच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी फाट्यावर गेले. दगड पाहिला. मग महामार्गाच्या कडेनं टेकाड चढून चालत राहिले. ट्रक अंगावरून जात होते, पदर उडत होता. मनात म्हणत होते, तिथं दुसरा दगड नसू दे. तो होता. नवा, रंग ताजा. सातारा ११३. त्याला हात लावला आणि तशीच रस्त्याकडेला बसले. मग परत येऊन वही काढली.

बोलता येत नाही तर लिहावं, एवढं मला येत होतं. मी रीतसर खबर लिहिली: ‘एकशे तेरा आकड्याचे दगड दोन आहेत. एक टेकाडापलीकडं, एक आमच्या फाट्यावर वडाखाली. फाट्यावरचा दगड मी आणवला. बाईनं फाट्यावरचा आकडा वाचून खरी खबर दिली. आकडा तिला मी शिकवला. काल हे मी सांगितलं नाही, ही माझी चूक आहे.’ खाली सही केली.

अकराच्या आत ठाण्यात पोचले. ती बाई आधीच येऊन कोपऱ्यात बसली होती. साहेबांपुढं वही ठेवली. त्यांनी वाचली, पुन्हा वाचली आणि हवालदाराला विचारलं, “घटनास्थळाचा पंचनामा कुठं बसून लिहिलात?”

हवालदार आठवत राहिला. मग म्हणाला, “वडाखाली, साहेब. एका दगडावर.”

“त्यावर काय लिहिलं होतं?”

“बघितलं नाही साहेब. बसलो होतो ना.”

गाडी काढली. साहेबांनी दोन्ही दगड स्वतः पाहिले, मधलं अंतर गाडीच्या काट्यावर मोजलं, दोन पंच बोलावून दगडाचा पंचनामा केला. तिथंच उभं राहून माझ्याकडं न बघता म्हणाले, “पाटीलबाई, आमच्या भिंतीवरची यादी आम्ही जाऊन कधी तपासली नाही. तुमचा दगड तुम्ही सांगितलात तरी.”

दोन दिवसांनी ड्रायव्हर शुद्धीवर आला. मोडक्या हिंदीत त्यानं जबाब दिला की सगळे डबे नेत होते, एक बाई मात्र शेवटपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिचं नाव प्रकरणातून निघालं. डब्याचं सासऱ्यानं शेवटी कबूल केलं. चोरीचा तपास मग गावाकडं वळला, रिकामे डबे विहिरींतून आणि गवताच्या गंजींतून निघू लागले. प्रांत कार्यालयातून मला कारणे दाखवा नोटीस आली. ताकीद देऊन पद ठेवलं. गावात वर्षभर कुणी धड बोललं नाही.

ती वर्गाला यायची बंद झाली. मी दोनदा तिच्या घरी गेले. दुसऱ्या खेपेला तिनं चहा दिला. मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, “बाई, तुमी सांगितलं ते मला म्हाइतीय. पर त्या दिशी तुमी खाली बघितलं न्हवं, ते न्हाई जात डोळ्याम्होरनं.” मी चहा संपवला आणि उठले.

या प्रकरणानं मला तपासाचं एक शिकवलं. कागदावरची जागा आणि जमिनीवरची जागा एकच आहे असं धरून चालू नये, पायानं जाऊन बघावं. ते मी पुढं नवीन पाटलांना वही पुढं न करता, तोंडानं सांगितलं. दुसरं शिकले ते सांगायला जड जातं. माझ्या बुजरेपणाला मी स्वभाव म्हणत आले होते. त्या दिवशी त्याची शिक्षा दुसऱ्या बाईला होत होती आणि मी बाकावर बसून होते.

मी निवृत्त झाले तोवर फाट्याजवळ भुयारी रस्ता झाला, वड गेला, हिरव्या मोठ्या पाट्या लागल्या. अपघात थांबले नाहीत. वाडीवरून पहिला फोन अजून तिचाच जातो. आता तिच्याकडं मोबाइल आहे. मध्यंतरी एकदा मी भुयारी रस्त्याच्या तोंडाशी उभी होते, तेव्हा तिचं बोलणं कानांवर आलं. एक मोटारसायकलवाला पडला होता. पलीकडून आकडा विचारत असावेत.

“आकडा ऱ्हाऊ द्या साहेब,” ती म्हणत होती. “हिरवं लुगडं नेसून मी रस्त्यात हुबी हाय. तुमी येस्तवर हालत न्हाई. मला बघा अन् थांबा.”

मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं, जरा सरकून जागा दिली. गाडी येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो.